सहीच्या आधी नीयत

रमजान सुरू झाला की औषधांच्या दुकानात एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "साखरेची सकाळची गोळी सहरीला घेऊ की इफ्तारला?" दुकानदार डॉक्टरांकडे पाठवतो. डॉक्टर कुणाची वेळ बदलून देतात, कुणाचा डोस कमी करतात. कुणाला मात्र स्पष्ट सांगतात, की बाबा, यंदा रोजे ठेवू नका, आजाऱ्याला सूट आहे. आपण मान डोलावतो आणि घरी येतो. पण रोज्यात कोणती गोळी चालते आणि कोणती धोक्याची, हे डॉक्टरांना कळले कुठून?

ते रोजेदारांनीच सांगितले. १३ देशांतल्या बारा हजारांहून अधिक मुस्लिम मधुमेहींची माहिती एकत्र करून २००४ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. टाइप २ मधुमेह असलेल्यांपैकी सुमारे ७९ टक्के लोक महिन्यात किमान पंधरा रोजे ठेवतात, असे त्यात दिसले. रमजानमध्ये त्यांची साखर धोकादायकरीत्या खाली जाण्याचे प्रमाण सुमारे साडेसात पटींनी वाढते, हेही दिसले. पुढे आशिया आणि मध्यपूर्वेतल्या रुग्णालयांत व्हिल्डाग्लिप्टिन आणि ग्लिक्लाझाइड या दोन औषधांची तुलना रोजे ठेवणाऱ्या रुग्णांवरच झाली. या लोकांनी वेळ दिला, बोट टोचून रक्त दिले, रोजच्या नोंदी ठेवल्या. त्यांची नावे आपल्याला माहीत नाहीत. पण आपल्या घरातल्या बुजुर्गांची गोळी सहरीहून इफ्तारला सरकली, तर त्यामागे अशा लोकांचे देणे असते.

यालाच क्लिनिकल ट्रायल, म्हणजे औषधाची माणसांवरची चाचणी म्हणतात. रक्त-लघवी तपासण्याची चाचणी वेगळी आणि ही वेगळी. नवे औषध, नवी लस किंवा जुन्या औषधाचा नवा उपयोग माणसांवर पारखून पाहायचा असतो. विद्यापीठांच्या रुग्णालयांत आणि मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांत त्यासाठी स्वयंसेवक हवे असतात. नंदुरबारकरांना ही पुण्या-मुंबईची गोष्ट वाटायची. आता आपल्याकडेही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. शिवाय मोठा आजार निघाला की आपली माणसे सुरत, धुळे, नाशिक, पुणे गाठतातच. असा अर्ज उद्या आपल्यापैकी कुणाच्याही समोर येऊ शकतो. त्या वेळी घाबरून पळू नये आणि डोळे मिटून सहीही करू नये, यासाठी हा लेख.

भायखळ्याची ती सुई

माणसांवर औषध पारखण्याची कल्पना जुनीच आहे. हजार-अकराशे वर्षांपूर्वी इराणातल्या रय शहराचे हकीम अल-राझी यांनी मेंदूच्या दाहाचे रुग्ण दोन गटांत पाहिल्याची नोंद आहे. एका गटाचे रक्त काढले, दुसऱ्याचे काढले नाही, आणि मग फरक पाहिला. तुलनेशिवाय औषधाचा गुण कळत नाही, हे त्यांना उमगले होते.

आपल्या महाराष्ट्रातली सर्वांत नाट्यमय चाचणी मात्र मुंबईची. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेग ओळखला. थोड्याच दिवसांत शहर रिकामे होऊ लागले. सरकारने वाल्डेमार हाफकिन या ज्यू शास्त्रज्ञाला बोलावले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या एका खोलीत त्यांनी लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी तिचा पहिला डोस त्यांनी स्वतःलाच टोचून घेतला. ताप आला, अंग ठणकले, पण ते बरे झाले. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा काही कैद्यांनी लस घेतली, काहींनी घेतली नाही. दोन्ही गटांची तुलना झाली आणि लस घेतलेल्यांत आजार कमी दिसला.

तरीही लोक सुईला घाबरत होते. तेव्हा इस्माइली खोजा समाजाचे तरुण इमाम आगा खान तिसरे यांनी सर्वांसमोर लस टोचून घेतली आणि हाफकिन यांना कामासाठी आपली इमारत दिली. मग त्यांच्या समाजातले हजारो लोक पुढे आले. गोमंतकीय डॉक्टरांनी रोग ओळखला, ज्यू शास्त्रज्ञाने लस केली, मुस्लिम इमामाने दंड पुढे केला आणि कैद्यांनी जीव पणाला लावला. परळची हाफकिन संस्था या कामातूनच उभी राहिली.

पण या गोष्टीत एक प्रश्न उरतो. तुरुंगातला कैदी खरेच ‘नाही’ म्हणू शकतो का? १८९७ मध्ये हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. आज कैद्यांवरच्या संशोधनाला वेगळी, कडक शिस्त आहे. जो सहज नाही म्हणू शकत नाही, त्याच्या होकाराची किंमत जास्त काळजीने तपासावी लागते.

पुण्यातले दोघे

कोरोनाच्या काळात हे सगळे पुन्हा आपल्या डोळ्यांसमोर घडले. २६ ऑगस्ट २०२० रोजी पुण्यात भारती विद्यापीठाच्या रुग्णालयात कोविशिल्डच्या भारतातल्या चाचणीची सुरुवात झाली. पाच जण पुढे आले होते. तिघांच्या रक्तात आधीच अँटिबॉडीज सापडल्या, म्हणून त्यांना घेतले नाही. उरलेल्या दोघांना पहिले डोस मिळाले. देशभरातल्या १७ केंद्रांवर मिळून १६०० प्रौढ स्वयंसेवक घ्यायचे होते. पुढच्या वर्षी रमजान आला तेव्हा लस सर्वांसाठी येत होती. लस घेतल्याने रोजा तुटत नाही, असे अनेक उलेमांनी सांगितले आणि लोक रोज्यात रांगेत उभे राहिले. त्या रांगेच्या अगदी पुढे, आपल्याला न दिसणारे, ते १६०० जण होते.

चाचणीतल्या प्रत्येकाला खरी लस मिळत नाही. चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड होते. काहींना नवे औषध मिळते, काहींना जुने औषध किंवा औषध नसलेली सारखी दिसणारी मात्रा मिळते. कुणाला काय मिळाले, हे बहुतेक वेळा रुग्णालाही माहीत नसते आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही. यात फसवणूक नाही, कारण हे आधीच सांगितलेले असते. माणसाचा विश्वास आणि औषधाचा गुण वेगळे काढायला दुसरा मार्ग नाही. म्हणूनच चाचणीत भाग घेणे म्हणजे उपचार मिळणेच, असे समजू नये. फायदा होईल, न होईल, कधी त्रासही होईल. ते ज्ञान पुढच्यांच्या कामी येते.

आपल्या जिल्ह्याचा आजार

नंदुरबारला हे परके नाही. २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या जिल्ह्यातले सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत, आणि सातपुड्याच्या या पट्ट्यात सिकलसेल घरोघर माहीत आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल राहत नाहीत, विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात. मग हाडे फोडल्यासारख्या कळा येतात. आई आणि बाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता असते की मूल हा आजार घेऊन जन्मेल.

या आजारात हायड्रॉक्सियुरिया नावाचे औषध देतात. त्याने कळा कमी होतात, हे सिद्ध झाले अमेरिका आणि कॅनडातल्या २९९ सिकलसेल रुग्णांमुळे. जवळपास निम्म्यांना औषध मिळाले, निम्म्यांना औषध नसलेली मात्रा. औषध घेणाऱ्यांच्या कळा इतक्या कमी झाल्या, की १९९५ मध्ये चाचणी ठरलेल्या मुदतीआधीच थांबवून निकाल जाहीर केला गेला. ज्या २९९ जणांनी कधी धडगावचे नाव ऐकले नसेल, त्यांच्या वेदनेच्या नोंदींवर धडगावच्या मुलाचे औषध उभे आहे.

गोष्ट आता त्याच्याही पुढे गेली आहे. जुलै २०१९ मध्ये व्हिक्टोरिया ग्रे या अमेरिकन कृष्णवर्णीय महिलेने सिकलसेलवरच्या जनुक-बदल उपचाराच्या चाचणीत स्वतःला पुढे केले. त्या उपचाराला २०२३ च्या शेवटी ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. अमेरिकेत त्याची किंमत आहे २२ लाख डॉलर. आपल्या देशातही केंद्र सरकारच्या प्रयोगशाळेने असा उपचार तयार केल्याचे नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. बिरसा मुंडांच्या नावावरून त्याला ‘बिरसा १०१’ म्हटले आहे. असे उपचार सिकलसेल असलेल्या माणसांवरच पारखावे लागतील. ती माणसे कुठे आहेत? अक्कलकुव्यात, मोलगीत, धडगावात, नवापुरात. म्हणजे उद्या विचारणा आपल्याच दारात होणार. तेव्हा आपला पहिला प्रश्न असायला हवा, की जोखीम आमच्या मुलांनी घ्यायची, तर औषध तयार झाल्यावर ते आमच्या मुलांपर्यंत पोहोचणार का?

जिथे चुकले

हा संशय उगाच नाही. २००९ मध्ये ‘पाथ’ या अमेरिकन संस्थेने गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लसीचा प्रकल्प आंध्रातल्या खम्मम आणि आपल्या शेजारच्या गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात राबवला. लस दिली गेली १० ते १४ वर्षांच्या मुलींना, त्यातल्या अनेक आदिवासी आणि वसतिगृहात राहणाऱ्या. काही मुलींच्या मृत्यूनंतर एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवण्यात आला. मृत्यूंचा लसीशी संबंध नाही, असे चौकशीत निघाले. पण संमतीचे कागद तपासले तेव्हा आंध्रातल्या ९५४३ अर्जांपैकी २७६३ अर्जांवर वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. १९४८ अर्जांवर नुसते अंगठे होते. संसदेच्या स्थायी समितीने ऑगस्ट २०१३ च्या अहवालात यावर कडक ताशेरे ओढले.

लस वाईट नव्हती. आज ती अनेक देशांत मुलींना दिली जाते. वाईट होती ती पद्धत. दोष औषधाचा नसतानाही विश्वास गेला, कारण कुणी त्या आईबापांना विचारलेच नव्हते. आश्रमशाळांच्या आपल्या जिल्ह्याने हे विसरू नये.

सही करण्यापूर्वी

त्यानंतर नियम कडक झाले. २०१९ च्या नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियमांनुसार प्रत्येक चाचणीला आचारनीती समितीची मंजुरी लागते. समितीत किमान सात सदस्य, त्यातले निदान निम्मे त्या संस्थेबाहेरचे, त्यात सर्वसामान्य नागरिकही आणि महिलाही, आणि अध्यक्ष बाहेरचाच. चाचणीची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असावी लागते. ती इंटरनेटवर कुणालाही फुकट पाहता येते. शिकलेल्या मुलाने घरच्यांसाठी एवढे तरी पाहावे.

माहितीपत्रक रुग्णाला समजणाऱ्या भाषेत हवे. आपल्याकडे ती भाषा मराठीच असेल असे नाही. भिलोरी, पावरी, मावची, अहिराणी, गुजराती, उर्दू यांपैकी जी असेल ती. वाचता येत नसेल तर रुग्णालयाशी संबंध नसलेल्या साक्षीदारासमोर सगळे वाचून, समजावून सांगायचे असते. दुर्बल घटकांतल्या रुग्णांवर अगदी नव्या औषधाची चाचणी असेल, तर संमतीचे ऑडिओ-व्हिडिओ चित्रण करावे लागते. मूल असेल तर आईबापांची संमती लागतेच, शिवाय सात वर्षांवरच्या मुलालाही त्याच्या समजुतीप्रमाणे विचारावे लागते. सही केलेल्या कागदाची प्रत आपल्याला मिळते. ती मागून घ्या आणि रेशनकार्डाजवळ जपून ठेवा.

मग विचारा. हा माझा नेहमीचा उपचार आहे की चाचणी? मी नाही म्हटले तर माझे उपचार थांबतील का? (थांबता कामा नयेत.) मध्येच सोडायचे झाले तर? (कधीही सोडता येते, कारण द्यावे लागत नाही.) त्रास झाला तर खर्च कुणाचा? (उपचार मोफत द्यावे लागतात, आणि इजा किंवा मृत्यू चाचणीमुळे झाला तर भरपाई मिळते.) रात्री काही झाले तर फोन कुणाला करायचा? औषध लागू पडले तर चाचणी संपल्यावर ते मिळत राहील का? रमजान मध्ये आला तर रोज्याचे काय? डॉक्टरांना हेही मोकळेपणी विचारा. न सांगता रोजा ठेवला तर तुमच्या जिवाला धोका आणि त्यांच्या नोंदीही चुकतात.

प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. चांगला डॉक्टर प्रश्नांनी रागावत नाही. जो म्हणतो "सही करा, बाकी आम्ही बघतो", तिथे थांबा. पैशांचे आमिष पहिल्याच वाक्यात आले, तरी थांबा.

आमच्याकडे रोज्याला नीयत लागते. दिवसभर उपाशी राहिले आणि मनात रोज्याचा इरादाच नसेल, तर ती नुसती भूक. ती नीयत ज्याची त्याने करायची असते, बापाने मुलासाठी किंवा मालकाने नोकरासाठी नाही. हिंदू बांधवांच्या व्रतातला संकल्प जवळपास हेच सांगतो. दवाखान्यातल्या त्या कागदावरची सहीही तशीच हवी, समजून, स्वतःच्या मनाने केलेली. तशी असेल तर चाचणीत दिलेला एक थेंबही सदक्याच्या मोलाचा आहे, कारण ज्याला तो उपयोगी पडणार आहे त्याचे नाव, गाव, जात, धर्म देणाऱ्याला माहीत नसते.

ईदनंतर दवाखान्यात जाणे झाले आणि असा कागद समोर आला, तर एक दिवस मागून घ्या. घरी आणा, मोठ्याने वाचा, घरातल्या बायकांनाही ऐकवा. मग हो म्हणा किंवा नाही म्हणा. दोन्हींचा हक्क तुमचाच आहे.