एक्स्प्लेनर : लिव्हर अ‍ॅक्शन रायफलीत टोकदार गोळी धोक्याची का?

छत्रपती संभाजीनगर : काउबॉय चित्रपटातला नायक चापाखालची कडी खाली-वर करतो आणि पुढचे काडतूस नळीत सरकते. हीच लिव्हर अ‍ॅक्शन रायफल. आजोबांच्या परवान्यावरची अशी जुनी रायफल एखाद्या घरात वारसाने आली, तर तिच्यात कोणती गोळी चालते, हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही. चुकीच्या आकाराच्या गोळीमुळे रायफलीच्या आतच स्फोट होऊ शकतो.

धोका नेमका कुठे?

बहुतेक लिव्हर अ‍ॅक्शन रायफलींत मुख्य नळीखाली दुसरी नळी असते. हेच मॅगझीन. त्यात काडतुसे रेल्वेच्या डब्यांसारखी एकामागे एक बसतात. मागच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकते. बुडाच्या मधोमध प्रायमर असतो, म्हणजे ठोका बसताच पेटणारी टोपी. रायफल झाडल्यावर धक्का बसतो. अशा वेळी अणकुचीदार टोक प्रायमरवर आदळून काडतूस पेटू शकते. टोक रुंद आणि चपटे असेल, तर दाब पसरतो.

मग इन्सासमध्ये टोकदार गोळी कशी चालते?

जळगाव जिल्ह्यातील वरणगावच्या आयुध निर्माणीत इन्सासची 5.56 मिमी काडतुसे तयार होतात. त्यांची गोळी टोकदार असते. मात्र इन्सासच्या पेटीसारख्या मॅगझीनमध्ये काडतुसे एकावर एक रचलेली असतात. टोक प्रायमरला लागतच नाही.

यावर जगाने काय उपाय काढले?

फ्रान्सच्या 1886 च्या लेबेल रायफलीला नळीचे मॅगझीन होते. 1898 मध्ये टोकदार गोळी आली, तेव्हा मागच्या गोळीचे टोक अडावे म्हणून काडतुसाच्या बुडावर प्रायमरभोवती खाच पाडण्यात आली. विंचेस्टरच्या 1895 च्या मॉडेलमध्ये नळीऐवजी पेटीचे मॅगझीन आले. अलीकडे हॉर्नडी कंपनीने लवचिक, मऊ टोकाच्या गोळ्या आणल्या.

ओतीव गोळी अडते कशामुळे?

शिशाची ओतीव गोळी साच्यात तयार होते. ती रायफलीत सुरळीत सरकावी म्हणून चार गोष्टी पाहिल्या जातात :

• आकार : गोलसर उतार आणि चपटे टोक असलेली गोळी चेंबरमध्ये सहज शिरते. खांद्याला धारदार कड असेल, तर ती चेंबरच्या तोंडाशी अडकू शकते.

• लांबी : काडतूस वर उचलणाऱ्या भागाला ठरावीक लांबी लागते. .30-30 काडतुसाची कमाल लांबी 64.77 मिमी आहे. त्याहून लांब काडतूस यंत्रणेत अडू शकते.

• खाच : गोळीवरच्या खाचेत काडतुसाच्या नळकांड्याची कड दाबून बसवतात. ही पकड सैल असेल, तर मॅगझीनची स्प्रिंग आणि धक्का यांमुळे गोळी आत दबते.

• धातू : शुद्ध शिसे मऊ असते. अँटिमनीमुळे ते कडक होते, तर कथिलामुळे वितळलेला धातू साच्याच्या कानाकोपऱ्यात नीट भरतो.

घरी गोळ्या ओतता येतील का?

नाही. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे गुन्हा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी किमान सात वर्षे ते जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. शिवाय वितळलेल्या शिशाची धूळ आणि वाफ विषारी असते.

वारसाने रायफल आली तर?

मूळ परवानाधारकाच्या निधनानंतर त्याचा परवाना वारसांना आपोआप मिळत नाही. शस्त्र जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. त्यानंतर वारसाला स्वतःच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. परवाना असला, तरी एका व्यक्तीला दोनपेक्षा जास्त बंदुका ठेवता येत नाहीत. परवाना मिळाल्यावरही काडतुसे घेण्यापूर्वी परवानाधारक शस्त्र दुरुस्ती कारागिराकडून रायफल तपासून घ्यावी. नळीवर कोरलेला काडतुसाचा प्रकार आणि मॅगझीन नळीचे आहे की पेटीचे, या दोन गोष्टी त्याला आवर्जून विचाराव्यात.