धी, धृती, स्मृती आणि हातातील भ्रमणध्वनी

अनिद्रा, शिरःशूल, नेत्रदाह, मन्याशूल, अग्निमांद्य या तक्रारी घेऊन येणाऱ्या रुग्णाची प्रश्नपरीक्षा करताना आपण आहार, विहार, मलप्रवृत्ती, निद्रा यांविषयी सविस्तर विचारतो. रात्री अंथरुणावर पडल्यावर भ्रमणध्वनी किती वेळ हातात असतो, हा प्रश्न मात्र बहुधा राहून जातो, आणि विचारलाच तरी ‘थोडा वेळ’ एवढेच उत्तर मिळते. मग जटामांसी, ब्राह्मी, अश्वगंधा यांची योजना होते, क्वचित शिरोधाराही होते. औषध चालू राहते आणि हेतूही चालू राहतो. फुटक्या घागरीत पाणी ओतण्याचाच हा प्रकार होय. आमच्या औषधविक्रेत्या बंधूंनाही हा अनुभव नवा नसावा. ‘झोपेसाठी काहीतरी आयुर्वेदिक द्या’ असे म्हणणारे गिऱ्हाईक पैसे देतानाही दुसऱ्या हाताने पडदा सरकवीत असते.

यावर ‘मोबाईल कमी वापरा’ असे सांगून आपण मोकळे होतो. हा उपदेश निष्फळ ठरतो, कारण त्यात रुग्णास ठाऊक नसलेले काहीच नसते. संयम नेमका कोठे ढळतो आणि ज्या यंत्रामुळे तो ढळतो त्याच यंत्राच्या रचनेत बदल करून त्यास आधार कसा देता येतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे योजिले आहे.

चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या पहिल्याच अध्यायात प्रज्ञापराधाचे विवेचन करताना धी, धृती आणि स्मृती या तिहींचा भ्रंश वेगवेगळा सांगितला आहे. हिताहिताचा यथार्थ निर्णय करते ती धी. अहितकर विषयांकडे धावणाऱ्या मनास आवरून धरते ती धृती. जे जाणले आहे ते योग्य वेळी उपस्थित करते ती स्मृती. परीक्षेसाठी आपण हे पाठ केले. भ्रमणध्वनीच्या रुग्णात ते डोळ्यांसमोर दिसते. एक रुग्ण सांगतो, ‘सकाळचा गजर लावायला फोन घेतला, अर्ध्या तासाने बाजूला ठेवला, आणि गजर लावायचा राहूनच गेला.’ हा स्मृतिभ्रंश. दुसरा म्हणतो, ‘उद्या सहाला उठायचे आहे हे डोक्यात असते, तरी हात थांबत नाही.’ हा धृतिभ्रंश. तिसऱ्यास आपण अतिरेक करतो हेच मान्य नसते. तेथे धीच विचलित आहे. तिघांचा व्याधी एकच दिसला तरी उपाय एक नाही. आमच्या मते या विषयातील बहुतेक अपयश हा भेद न केल्यामुळे येते.

हा भ्रंश होण्यास केवळ रुग्णाचे हीनसत्त्व कारण आहे, असे मानणे अन्यायाचे होईल. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात बी. जे. फॉग यांनी १९९८ मध्ये एक प्रयोगशाळा स्थापन केली. संगणकाच्या साहाय्याने माणसाचे वर्तन कसे वळविता येईल, हाच तिचा अभ्यासविषय होता. २००६ मध्ये आझा रास्किन या रचनाकाराने पान कधीच न संपता खालून नवा मजकूर येत राहण्याची युक्ती शोधली. पुढे त्यांनी स्वतःच तिच्याविषयी जाहीरपणे खेद व्यक्त केला. ही युक्ती किरकोळ वाटते, परंतु वैद्याने तिच्यावर थोडे थांबावे. आहाराच्या बाबतीत शास्त्राने मात्रा सांगितली, कुक्षीचे भाग सांगितले, जीर्ण आहाराची लक्षणे सांगितली. उद्गारशुद्धी झाली की पूर्वीचे अन्न पचले असे आपण समजतो. वर्तमानपत्र शेवटच्या पानावर संपत असे, दूरदर्शनचे कार्यक्रम रात्री बंद होत असत. या नेत्राहाराला मात्र शेवटचा घासच ठेवलेला नाही. ढेकर येण्यापूर्वीच पुढचे ताट समोर येते.

त्यातही प्रत्येक घास गोड नसतो. दहा निरर्थक दृश्यांनंतर एखादे मनोरंजक येते आणि ते केव्हा येईल हे सांगता येत नाही. अनिश्चित अंतराने मिळणारे बक्षीस प्राण्यास त्याच कृतीकडे अत्यंत चिकाटीने पुन्हा पुन्हा नेते, हे बी. एफ. स्किनर आणि त्यांचे सहकारी फर्स्टर यांनी १९५७ च्या आपल्या ग्रंथात पारव्यांवरील प्रयोगांतून दाखविले होते. जुगाराच्या यंत्राचेही तत्त्व तेच. असात्म्येंद्रियार्थसंयोगाचे वर्णन करताना अतितेजस्वी वस्तू अतिमात्र पाहणे हा अतियोग, तर अतिनिकटचे, भयंकर किंवा बीभत्स पाहणे हा मिथ्यायोग मानला आहे. अंधाऱ्या खोलीत डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरलेला पडदा यांपैकी कशात बसत नाही, हे आम्हांस सांगता येणार नाही.

या रचनेस विरोध झाला तोही त्याच क्षेत्रातून. गूगलमध्ये काम करणाऱ्या ट्रिस्टन हॅरिस यांनी २०१३ मध्ये सहकाऱ्यांसाठी एक टिपण तयार करून लोकांच्या अवधानाचा मान राखण्याचे आवाहन केले. २०१८ मध्ये गूगलने ‘डिजिटल वेलबीइंग’ आणि ॲपलने ‘स्क्रीन टाइम’ ही साधने जाहीर केली. वापराची मोजदाद, प्रत्येक ॲपची कालमर्यादा, निद्राकाळी पडदा राखाडी करणे या सोयी आता बहुतेक फोनांत मिळतात. वैद्यांनी त्या प्रथम स्वतःच्या फोनवर उघडून पाहाव्यात. मात्र ज्या कंपन्यांचे उत्पन्न आपण पडद्यासमोर बसण्यावर बऱ्याच अंशी अवलंबून आहे, त्यांनी दिलेला लगाम सैल असणे स्वाभाविकच आहे. ठरविलेली मर्यादा संपल्याची सूचना येते आणि एक-दोन वेळा बोट टेकविले की ती दूरही होते.

अशा साधनांचा पद्धतशीर आढावा ऑक्सफर्ड येथील उलरिक लिंग्स व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये घेतला. त्यांनी ३६७ ॲप व तत्सम साधने तपासली. त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश साधनांत अडथळा घालण्याची किंवा आकर्षण काढून टाकण्याची सोय होती. वापराची नोंद, उद्दिष्टाचे स्मरण, बक्षीस किंवा दंड हे प्रकार त्यामानाने कमी. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर बहुतेक साधने धृतीच्या जागी काठी ठेवतात. काठी उपयोगी असते, पण ज्याची स्मृती हरवली आहे त्याला ती चुकीच्या वेळी लागते. कामासाठी फोन उघडला तरी दार बंद, म्हणून तो साधनच काढून टाकतो.

त्याच गटाने २०२० मध्ये ५८ विद्यार्थ्यांवर सहा आठवड्यांचा अभ्यास केला. फेसबुक उघडताच एका गटाला ‘आपण कशासाठी आलात?’ असे विचारले जाई व त्याची आठवण अधूनमधून करून दिली जाई. दुसऱ्या गटासाठी न संपणारी मजकुराची यादीच काढून टाकली होती. दोन्ही उपायांनी वापर घटला. परंतु काहींना वारंवारच्या आठवणीचा उबग आला आणि यादी काढलेल्यांपैकी काहींना महत्त्वाचे काही निसटते आहे अशी रुखरुख लागली. औषध लागू पडले आणि त्याचे उपद्रवही दिसले, असा हा प्रामाणिक निष्कर्ष आहे.

आम्हांस विशेष वाटला तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘वन सेक’ या ॲपचा अभ्यास. निवडलेले ॲप उघडू जाताच ते काही क्षण थांबविते, दीर्घ श्वास घ्यावयास सुचविते, आज कितव्यांदा उघडता आहात ते सांगते आणि ‘पुढे जावे की परतावे’ असे विचारते. २८० जणांच्या सहा आठवड्यांच्या नोंदींत ३६ टक्के वेळा माणूस तेथूनच परतला. शिवाय सहाव्या आठवड्यात उघडण्याचे प्रयत्नच पहिल्या आठवड्याच्या तुलनेत ३७ टक्क्यांनी कमी झाले होते. पुढील तपासात उपदेशाच्या वाक्यापेक्षा परतण्याची सोपी वाट समोर ठेवणे अधिक परिणामकारक ठरले. हे सर्वजण आपण होऊन ॲप घेणारे होते, म्हणजे त्यांची धी शाबूत होती. तिसऱ्या प्रकारच्या रुग्णास हे आकडे लावू नयेत. त्याला प्रथम त्याच्याच फोनमधील आठवड्याची बेरीज दाखवावी. ‘थोडा वेळ’ म्हणणारा रुग्ण ती पाहून गप्प होतो. तेथे आपण बोलू नये.

यंत्राबाहेरची रचनाही विसरून चालणार नाही. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज सायंकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास दूरचित्रवाणी व भ्रमणध्वनी बंद ठेवण्याचा उपक्रम सुरू केला. मुलांनी अभ्यास करावा, घरच्यांनी एकमेकांशी बोलावे, हा हेतू. येथे स्मृतीचे काम भोंगा करतो आणि धृतीचा भार शेजारीपाजारी वाटून घेतात. शहरी कुटुंबात हे काम जेवणाच्या वेळी सर्वांचे फोन एका टोपलीत ठेवण्याने काही प्रमाणात होते. वडिलांचा फोन टोपलीबाहेर असेल तर होत नाही.

योजना करताना सर्व एकदम तोडू नये. सात्म्य झालेले अहितकर सेवन पादांश क्रमाने सोडावे आणि सोडलेल्या भागाच्या जागी तेवढेच हितकर आणावे, असे चरकसूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात सांगितले आहे. यातील दुसरा भाग आपण नेहमी विसरतो. रात्री दोन तास फोन पाहणाऱ्याचा प्रथम शेवटचा अर्धा तास काढावा व तेथे पादाभ्यंग ठेवावा; हात तेलाचे असल्याने पडद्याला लागत नाहीत, हा अनुषंगिक लाभ. हे अंगवळणी पडल्यावर पुढचा पाद. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णास गजराचे साधे घड्याळ घ्यावयास सांगावे, म्हणजे फोन उशाशी नेण्याचे निमित्तच उरत नाही. धृतिभ्रंशात फोनचे चार्जर दुसऱ्या खोलीत न्यावे, अनावश्यक सूचना बंद कराव्यात आणि कालमर्यादेचा संकेतशब्द घरातील दुसऱ्या व्यक्तीच्या हाती द्यावा.

ज्या तरुणाचे शिक्षण वा नोकरी खेळांपायी मोडते आहे, त्यास मात्र केवळ एवढ्यावर ठेवू नये. खेळाच्या व्यसनाचा समावेश जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत झाला असून ती जानेवारी २०२२ पासून लागू आहे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत २०१४ पासून यासाठी स्वतंत्र सेवा आहे, आणि शासनाची ‘टेलिमानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते.

आपल्यापैकी काही वैद्य व औषधनिर्माते आता दिनचर्येची, औषधस्मरणाची ॲप काढू लागले आहेत. त्यांस एक सूचना कराविशी वाटते. सलग किती दिवस उघडले याची मोजणी, एक दिवस चुकताच पहिल्यापासून आरंभ, तासातासाला निरोप, या युक्त्या वर वर्णिलेल्या हेतुस्कंधातीलच आहेत. औषधाच्या दोन वेळांस दोन सूचना पुरेत, आणि तिसरी निजण्याच्या वेळी नसावी. दुकानाच्या व्हॉट्सॲपवर रात्री साडेनऊनंतर आलेल्या मागणीस ‘सकाळी उत्तर देऊ’ असे आपोआप जाणारे उत्तर त्याच्या व्यावसायिक आवृत्तीत ठेवता येते. नाव, वय, अग्नी, कोष्ठ यांच्या जोडीने रुग्णपत्रिकेत ‘निद्रापूर्व पडदा : किती मिनिटे, कोठे, कशासाठी’ अशी एक ओळ वाढविल्यास जागा अर्ध्या इंचाहून अधिक लागत नाही.