बाळंतपण सरले, धोका सरला नाही!

२८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी आईच्या विश्रांतीचा भार सरकारने उचलावा, अशी भूमिका घेतली. आज सरकारी व्यवस्थेची बाळंतिणीवरची देखरेख ४२ दिवसांत संपते. मात्र गरोदरपणात जिचा रक्तदाब वाढला, लघवीतून प्रथिने गेली, तिला पुढे हृदयविकार व पक्षाघाताचा धोका जवळपास दुप्पट असतो. सरकारी रक्तदाब तपासणी मोहीम तिशीनंतरची. मग विशीत बाळंत झालेल्या आमच्या भगिनीने तोवर काय करावे? अशा प्रत्येक मातेचा रक्तदाब व साखर दरवर्षी मोफत तपासा, ही आमची मागणी आहे. भगिनींनो, बाळंतपणाचे कार्ड फेकू नका. प्रत्येक डॉक्टरला दाखवा. कागदाशिवाय दाद लागत नाही, हे आम्ही वकील रोज पाहतो!