संगणकातलं पीक: ऐकीव किती, खरं किती

पिकाच्या संगणकी प्रारूपाचा विषय निघाला, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दोहोंपैकी एक गोष्ट येते. एक तर ॲनिमेशनपटातलं झरझर वाढणारं झाड, नाही तर यंदा एकरी किती क्विंटल पिकणार ते आधीच सांगणारं यंत्र. दोन्ही समजुती चुकीच्या, पण अगदीच हवेतून आलेल्या नाहीत. म्हणून तर त्या टिकून आहेत.

'ही नुसती चित्रं असतात'

चित्रं बरीच उशिरा आली. अरिस्टिड लिंडेनमायर हे मूळचे हंगेरीचे जीवशास्त्रज्ञ. शेवाळासारख्या, पेशींच्या साखळीने वाढणाऱ्या साध्या जीवांची वाढ नेमकी कशी मांडायची, हा त्यांचा प्रश्न होता. 1968 मध्ये त्यांनी त्यासाठी एक पद्धत सुचवली. तिचं मर्म वहीच्या पानावर मावतं. दर पायरीला 'अ'च्या जागी 'अब' लिहायचं आणि 'ब'च्या जागी 'अ'. 'अ' ही विभागायला तयार झालेली पेशी, 'ब' ही अजून कोवळी. सुरुवात एकट्या 'अ'ने करा: अब, अबअ, अबअअब, अबअअबअबअ. अक्षरं मोजली तर 1, 2, 3, 5, 8 अशी वाढ दिसते. साखळी कशी दिसावी हे कुणी ठरवलेलं नाही. नियम फक्त एकेका पेशीपुरता आहे.

ज्वारीच्या ताटाला हीच रीत लागू पडते. शेंड्याच्या जागी लिहायचं: एक पेर, एक पान, पानाच्या बगलेतला डोळा आणि पुन्हा नवा शेंडा. डोळा जागा झाला तर फुटवा, नाही तर तो तसाच झोपलेला. कॅनडात काम करणारे संगणकशास्त्रज्ञ प्रुसिंकिएविच आणि लिंडेनमायर यांचं सचित्र पुस्तक 1990 मध्ये, लिंडेनमायर यांच्या निधनानंतर, बाहेर आलं. त्यातली झाडं इतकी देखणी होती, की लोकांना चित्रंच लक्षात राहिली आणि नियम विसरले गेले.

नुसत्या नियमाला मात्र घड्याळ नसतं. ते तापमानातून येतं. समजा, दिवसाचं कमाल तापमान 30 अंश आणि किमान 14. सरासरी झाली 22. ज्याच्या खाली पिकाची वाढ थांबते ते तापमान 10 धरलं, तर त्या दिवशी पिकाच्या खात्यावर 12 अंश जमा. नवं पान यायला 48 अंश लागत असतील, तर ते चौथ्या दिवशी येईल. थंडी वाढून रोजची जमा 8 वर आली, की तेच पान सहा दिवस घेईल. दिवस मोजून हिशेब चुकतो, ऊब मोजून बराच जुळतो.

'हे सगळं आता एआय करतं'

काही ठिकाणी करतं, पण ती गोष्ट वेगळी. एआय पूर्वीच्या नोंदींतून सांगड शोधतं. वाढीचं प्रारूप कारणं मांडतं: ऊन किती अडलं, पाणी किती उडालं, अन्न कुठे गेलं. म्हणून आजवर कुणीच न पेरलेल्या वाणाबद्दलही त्याला प्रश्न विचारता येतो. उत्तर चुकलं, तर कोणतं कारण चुकलं ते शोधता येतं. मला त्याची खरी किंमत इथेच वाटते.

'जितके बारकावे, तितकी अचूकता'

फ्रान्सचे शास्त्रज्ञ फिलिप द रफ्ये यांनी आयव्हरी कोस्टमध्ये रोबस्टा कॉफीच्या झाडांवर काम करून 1979 मध्ये प्रबंध लिहिला. प्रत्येक डोळा वाढेल, थांबेल की मरेल याची शक्यता त्यांनी मोजली, आणि स्वतःच्या भाराने फांदी किती वाकेल तेही हिशेबात धरलं. छाटणीच्या झाडाला, आंतरपिकाला, हरितगृहातल्या टोमॅटोला असा बारकावा हवाच. कुणाची सावली कुणावर पडते हाच तिथला प्रश्न असतो. सलग ज्वारीच्या रानात मात्र प्रत्येक पानाचा कोन मोजणं हा बहुतेक वेळा फुकटचा उपद्व्याप. जितके आकडे जास्त भरायचे, तितक्या चुकांना जागा जास्त.

'उत्पन्नाचा आकडा आधीच कळतो'

जमिनीची खोली, पेरणीवेळची ओल आणि रोजचं हवामान दिल्याशिवाय प्रारूप काहीच सांगत नाही. पुढच्या जानेवारीत ढग येतील का, हे त्यालाही ठाऊक नसतं. म्हणून जाणकार माणूस गेल्या तीसेक वर्षांचं हवामान एकेक करून त्यात घालतो आणि वाण किती वर्षी तगला, किती वर्षी गडगडला ते पाहतो. शिवाय बहुतेक प्रारूपांत मावा, खोडकिडा, रानडुकरं नसतातच.

'पानं दाट, तर पीक जोमदार'

हा समज सगळ्यात पक्का, कारण तो डोळ्यांना दिसतो. जपानच्या मोन्सी आणि साएकी या शास्त्रज्ञांनी 1953 मध्ये दाखवलं, की पिकात खाली जाताना ऊन थराथराने, ठरावीक प्रमाणात कमी होत जातं. एक चौरस मीटर जमिनीवर तीन चौरस मीटर पानं असतील, तर पानांच्या नेहमीच्या ठेवणीत सुमारे 78 टक्के ऊन अडतं. पानं दुप्पट, म्हणजे सहा चौरस मीटर केली, तर 95 टक्के. दुप्पट पानांवर मिळकत 17 टक्क्यांची.

पाणी बेताचं असेल तर ही पानं उलटतातही. सोलापूर, मंगळवेढ्याकडची रब्बी ज्वारी पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर उभी असते. वरून पाऊस जवळजवळ नाही. लवकर पानं आणि फुटवे काढणारं ताट ती ओल पोटरीत येईपर्यंतच पिऊन बसतं, आणि कणसात दाणा भरायच्या वेळी जमीन भेगाळलेली. हैदराबादजवळच्या पाटणचेरूत असलेल्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ऑस्ट्रेलियातल्या सहकाऱ्यांबरोबर 'ॲप्सिम' या प्रारूपात हीच स्थिती तपासली. पानांचा पसारा किंचित आवरला, तर फुलोऱ्यानंतर पाणी उरतं आणि दुष्काळी वर्षी दाणा भरतो. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासामुळे एक गोष्ट उलगडली. दाणे भरतानाही हिरवं राहणारं ताट हे आधी वाचवलेल्या पाण्याचं फळ असू शकतं. त्यासाठी पानांतच काही वेगळं बळ असावं लागतं असं नाही.

यावर शेतकरी लगेच विचारील, आणि रास्त विचारील, की पानं कमी म्हणजे कडबाही कमी, त्याचं काय? मालदांडी ज्वारी लोकांनी धरून ठेवली ती भाकरीइतकीच जनावरांच्या वैरणीसाठी. फक्त दाण्याचं वजन मोजणारं प्रारूप ज्या वाणाला पहिला नंबर देईल, तो दावणीच्या हिशेबात मागे पडू शकतो. प्रारूपात कडब्याचं वजनही निघतं. दोन्हींना भाव किती लावायचा, हे माणसाला आत भरावं लागतं.