रोमन कायदा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

रोमन कायदा म्हणजे सम्राटाच्या हुकमांची जाडजूड पोथी, ही समजूत फार पक्की आहे. तिला कारणही आहे. जस्टिनियनच्या आज्ञेवरून ट्रिबोनियनच्या मंडळाने तयार केलेला ‘डायजेस्ट’ 533 साली सम्राटाच्या नावानेच लागू झाला. पण या 50 भागांच्या ग्रंथात आहेत ती गेयस, पॉलस, अल्पियन यांसारख्या कायदेपंडितांची मते, आणि हे तिघेही जस्टिनियनच्या कितीतरी पिढ्या आधीचे.

ही मते घडली ती एकेका प्रकरणातून. काही जण चेंडू खेळत होते. चेंडू जोरात न्हाव्याच्या हातावर आदळला, वस्तरा घसरला आणि दाढी करून घेणाऱ्या गुलामाचा गळा कापला गेला. भरपाई कोणी द्यायची? कायदेपंडित प्रोक्युलसच्या मते दोष न्हाव्याचा. जिथे नेहमी खेळ चालतो किंवा वर्दळ असते तिथे त्याने दाढी करायला बसायलाच नको होते. अल्पियन पुस्ती जोडतो: धोक्याच्या जागी खुर्ची मांडलेल्या न्हाव्यापुढे जो बसला त्यानेही स्वतःला बोल लावावा, हे म्हणणे गैर नाही. गुलामाचा जीव इथे मालकाचे नुकसान म्हणून मोजला जातो, हे मात्र नजरेआड करू नये.

प्रकरणांमागून प्रकरणे तपासत पुढे जाण्याची ही रीत इंग्लंडचीच मानली जाते. युरोपातले न्यायाधीश फक्त संहिता वाचून निकाल देतात, हा त्याला जोडून येणारा गैरसमज. 1804 च्या फ्रेंच नागरी संहितेने न्यायाधीशांना सर्वसाधारण नियम घालून द्यायला मनाई केली खरी. पण कायदा गप्प आहे म्हणून निकाल टाळणेही तिने गुन्हा ठरवले. त्यामुळे मोटारी आल्यावर तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1930 साली, ताब्यातल्या वस्तूंच्या जबाबदारीविषयीच्या जुन्याच वाक्यातून, अपघातांच्या भरपाईचा नियम काढला. फरक उरतो तो बंधनाचा: इंग्लंडमध्ये वरच्या न्यायालयाचा निवाडा खालच्यावर बंधनकारक असतो; फ्रान्समध्ये तो कायद्याने बंधनकारक नाही, पण व्यवहारात मानला जातो.

रोमन कायद्याच्या वळणाच्या परंपरेत आरोपीला आधीच दोषी धरतात, हेही खरे नाही. सिद्ध करण्याचा भार म्हणणाऱ्यावर, नाकारणाऱ्यावर नाही, हे पॉलसचे वचन डायजेस्टमध्येच आहे. दोषी ठरेपर्यंत प्रत्येक जण निर्दोष, हे फ्रान्सच्या 1789 च्या हक्कांच्या जाहीरनाम्यात आहे.

भारतातला सगळा कायदा इंग्रजी वळणाचा, हेही गोव्यात खोटे ठरते. 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता तिथे 1870 पासून लागू झाली. मृत्युपत्रात डावललेल्या मुलांना रोममध्ये दाद मागता येत असे. त्याच तत्त्वातून आलेला राखीव वाटा या संहितेत होता. वारसाहक्काचा भाग आता 2012 च्या गोव्याच्या कायद्यात गेला असला, तरी मुले असलेल्या व्यक्तीला तिथे आजही आपल्या मालमत्तेपैकी निम्मीच मृत्युपत्राने हवी त्याला देता येते.