फिरंगाण : हुंड्यात आलेली गावं

या आठवड्यात 1739 च्या तारापूरच्या वेढ्याला हात घालायचा होता. पण बोईसरच्या एका वाचक ताईंनी विचारलंय, ‘किल्ल्यातल्या तोफा झाल्या, पोर्तुगीज कप्तान झाले; त्यांच्या बायका कुठे होत्या?’ वेढा थांबू दे.

लिस्बनहून गोव्याला निघालेल्या जहाजावर शेकडो पुरुष असत, बायका मोजक्याच. म्हणून तर 1510 मध्ये गोवा घेतल्यावर पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने शिपायांना इथल्या मुलींशी लग्नं करायला उत्तेजन दिलं. लग्न केलेला तो ‘कझादो’, सडाफटिंग तो ‘सोल्दादो’. पावसाळ्यात गलबतं बंदरात अडकली की सोल्दादोचे हाल. पगार थकलेला, जेवायला कुणा बड्या सरदाराची पंगत शोधायची. कझादोला मात्र घर, जमीन, शहरात पत. परक्या मुलखात फिरंगी पुरुषाला जम बसवायचा तर लग्नासारखा मार्ग नव्हता.

सोळाव्या शतकाच्या मध्यापासून पोर्तुगालच्या राजानेच आणखी एक सोय केली. लिस्बनच्या अनाथ, पण चांगल्या घरच्या मुली सरकारी खर्चाने गोव्याला येऊ लागल्या. त्यांचा हुंडाही सरकारी : होणाऱ्या नवऱ्याला एखादा हुद्दा, नाहीतर वसई-दमण प्रांतातलं गाव. अशी गावं बहुधा तीन हयातींच्या पट्ट्याने दिलेली असत. तारापूर, माहीम हा आपला पट्टा तेव्हा दमणच्या हाताखाली. भाताचं रोप कधी पाहिलं नाही अशी पोरगी खारीच्या काठावरच्या भातगावाची मालकीण होऊन बसायची. नवरा ताप-हगवणीने लवकर गेला, तर गाववाल्या विधवेला स्थळांची वाण पडत नसणार.

1661 च्या तहात मुंबई पोर्तुगीज राजकन्या कॅथरीनच्या हुंड्यात इंग्रजांना गेली, हे शाळेत गंमत म्हणून सांगतात. मला त्यात गंमत दिसत नाही. या किनाऱ्यावर तो चालू व्यवहार होता, राजाने मोठ्या मापात केला इतकंच. आणि 1665 च्या फेब्रुवारीत इंग्रजांच्या हम्फ्री कुकने बेटाचा ताबा घेतला तो कुठे? दोना इग्नेस द मिरांदा या विधवेच्या वाड्यात. बेटाची जहागीर तिच्याकडे होती.

मोकळेपणा मात्र नव्हता. 1583 मध्ये गोव्यात आलेला डच लिन्सखोटेन लिहितो की फिरंगी बायका घरात कोंडलेल्या, बाहेर पडायच्या त्या झाकलेल्या पालखीतून. गाव नावावर, पण त्या गावच्या बांधावर पाय नाही.

लग्नाच्या याच मार्गाची दुसरी बाजू बघायला आता जपान. तिथे आपलाच माणूस गेला होता : वसईचा गोन्सालो गार्सिया. बाप पोर्तुगीज शिपाई, आई इथली. म्हणजे वरच्या धोरणाचंच अपत्य. तरुणपणी जपानला गेला, भाषा शिकला, व्यापार केला, मनिलात फ्रान्सिस्कन पंथाचा साधू झाला आणि दुभाष्या म्हणून परतला. 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीत त्याला क्रुसावर मारलं. 1862 मध्ये तो संत झाला.

नागासाकीतही पोर्तुगीज व्यापारी जपानी बायकांशी घरोबा करून होते. पण इथे जे राज्य वाढवायला उपयोगी पडलं, तेच तिथल्या सत्ताधारी शोगुनांना खुपलं. 1636 मध्ये 287 माणसं, मुख्यतः अशी मिश्र कुटुंबं, जहाजात घालून मकावला धाडली. पुढे डच उरले तेही देजिमा या चिमुकल्या कृत्रिम बेटावर. पुरुषांनी राहावं, वेश्यावस्तीतल्या बायका आत येतील. पण बायको आणायची नाही. हिशेब सरळ होता. एकटा पुरुष माल विकून जातो, बायको-पोरं आली की घर बांधतो.

1817 च्या ऑगस्टमध्ये यान कॉक ब्लोमहॉफ या नव्या डच प्रमुखाने हट्टाने बायको तित्सिया आणि तान्ह्या मुलाला आणलं. चितारी तिची चित्रं काढत सुटले. चित्रं, बाहुल्या, भांडी, सगळीकडे तीच. शोगुन बधला नाही. डिसेंबरात मायलेकरं परत. नवरा 1823 पर्यंत देजिमातच. ती 1821 मध्ये वारली. त्यांची पुन्हा भेट झाली नाही.

जागा संपली. पुढच्या आठवड्यात मराठा सरदार बाजी भिवराव रेठरेकर आणि 1739 चं तारापूर. ताई, त्या वेढ्यात किल्ल्यातल्या बायकांकडेही बघू.