टेबलावरील भूमिका-क्रीडेतील विकटजीवाची रचना : एक विवेचन

प्रस्तावना :

कथा-कादंबरीतील भयंकर प्राणी वाचकाला घाबरवतो. परंतु वाचक त्याचे काहीही बिघडवू शकत नाही. टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिका-क्रीडेत मात्र परिस्थिती वेगळी असते. तेथे प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो, क्रीडासंचालक भोवतालचे जग उभे करतो आणि पात्राची कृती सफल झाली की निष्फळ, हे नियम व फासे ठरवितात. अशा खेळातील प्राणी खेळाडूंच्या निर्णयांना प्रत्युत्तर देतो. तो जिंकू शकतो आणि मरूही शकतो. म्हणूनच नव्या प्राण्याची निर्मिती हे केवळ कल्पनाशक्तीचे काम राहत नाही. त्यात गणित, न्याय आणि सांस्कृतिक जाणीव या तिन्ही गोष्टींचा कस लागतो. प्रस्तुत लेखात या रचनाप्रक्रियेचे स्वरूप ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या आधारे स्पष्ट केले आहे.

संज्ञा-स्पष्टीकरण :

इंग्रजीतील ‘मॉन्स्टर’ या शब्दासाठी मराठीत ‘राक्षस’ हा शब्द सहज सुचतो. परंतु या खेळात ‘राक्षस’ याच नावाची एक स्वतंत्र जात असल्यामुळे येथे ‘विकटजीव’ हा शब्द योजिला आहे. प्राण्याला घायाळ करणे किती अवघड आहे, हे दर्शविणारा ‘संरक्षणांक’. तो किती घाव सोसू शकतो, हे दर्शविणारे ‘जीवनगुण’. आणि त्याची एकूण कठीणता सांगणारा ‘आव्हानांक’, या तीन संज्ञा पुढील विवेचनात येतात. चार पात्रांच्या गटाची पातळी आणि प्राण्याचा आव्हानांक समान असेल, तर सुस्थितीतील गटाने कोणाचाही मृत्यू न होता त्याच्यावर मात करावी, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. १९७७ मध्ये ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ हा विकटजीवांचा स्वतंत्र ग्रंथ निघाला. त्यातील काही प्राण्यांचा उगम बोधप्रद आहे. गायगॅक्स यांच्याकडे हाँगकाँगमध्ये तयार झालेली स्वस्त प्लॅस्टिकची विचित्र खेळणी होती. त्यांच्या ओबडधोबड आकारांतूनच घुबड-अस्वल आणि गंजजीव हे प्राणी आकाराला आले.

यांपैकी गंजजीवाचे उदाहरण विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. तो लोखंडाला स्पर्श करून ते गंजवितो आणि तो गंज खातो. जिवाला त्याच्यापासून फारसा धोका नाही. पण योद्ध्याचे चिलखत आणि तलवार यांची तो माती करतो. परिणामी एरवी सर्वांच्या पुढे असणारा योद्धा मागे सरतो आणि काठीवाल्या जादूगाराला पुढे यावे लागते. खेळण्याचा आकार कोणालाही मिळाला असता. त्या आकारातून ‘गटाला सर्वांत प्रिय असलेली वस्तूच धोक्यात आली तर?’ हा प्रश्न निर्माण करणे, हे खरे रचनाकार्य होय. विकटजीवाची रचना प्रश्नापासून सुरू व्हावी, दात-नखांपासून नव्हे, हे पहिले तत्त्व यातून मिळते.

रचनेचे उदाहरण :

हे तत्त्व स्पष्ट करण्यासाठी एक काल्पनिक विकटजीव घेऊ. प्रश्न असा : ‘एकमेकांशी बोलणेच धोक्याचे झाले, तर गट कसा वागेल?’ या प्रश्नातून ओसाड खाणीत राहणारा, दृष्टिहीन, आवाजावर शिकार करणारा आणि ऐकलेले शब्द पुन्हा उच्चारणारा ‘पडसाद’ हा प्राणी सुचतो. जोराने बोलणाऱ्याचा आवाज तो काही क्षण हिरावून घेऊ शकतो. मंत्रोच्चारावाचून जादू होत नसल्याने जादूगार हतबल होतो. त्याचे दुर्बलत्वही याच प्रश्नातून येते : कानठळ्या बसविणाऱ्या आवाजाने तो काही काळ बहिरा, म्हणजे अक्षरशः आंधळा होतो. शक्ती आणि दुर्बलता एकाच मुळातून आल्या की प्राणी खेळाडूंच्या ध्यानात राहतो.

यानंतर गणित येते. २०१४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीच्या संचालक-मार्गदर्शिकेत त्यासाठी कोष्टक दिलेले आहे. आव्हानांक ३ साठी संरक्षणांक १३, जीवनगुण १०१ ते ११५, हल्ल्याचा लाभांक ४, प्रत्येक फेरीतील इजा २१ ते २६ आणि प्रतिकारासाठी गाठावयाचा अंक १३, असे त्यात सुचविले आहे. ‘पडसाद’ मोठ्या आकाराचा असल्याने त्याचे जीवनगुण दहा पैलूंच्या फाशांनी मोजले जातात. १४ फाशांची सरासरी ७७ आणि शरीरबळापोटी प्रत्येक फाशामागे २ प्रमाणे २८, असे एकूण १०५ जीवनगुण होतात. दोन पंजांच्या प्रत्येकी सरासरी ११ प्रमाणे फेरीला २२ इजा होते. दोन्ही आकडे कोष्टकात बसतात.

तथापि कोष्टकात बसलेला प्राणी न्याय्य असतोच असे नाही. तिसऱ्या पातळीच्या, बऱ्या प्रकृतीच्या जादूगाराला साधारणतः २० जीवनगुण असतात. त्याचा संरक्षणांक १२ धरला, तर वीस पैलूंच्या फाशावर ८ वा अधिक पडताच पंजा लागतो. म्हणजे शंभरांत ६५ वेळा. दोन्ही पंजे लागण्याची शक्यता शंभरांत सुमारे ४२ भरते. याचा अर्थ, एका फेरीतच, काहीही करण्याची संधी न मिळता तो खेळाडू खाली कोसळू शकतो. येथे आकडा कमी करण्यापेक्षा नियम बदलणे अधिक श्रेयस्कर ठरते : ‘पडसाद आपल्या मागील पाळीनंतर सर्वांत शेवटी आवाज करणाऱ्यावरच धावून जातो.’ आता कोणावर हल्ला व्हावा, हे खेळाडूंच्या हाती येते. चिलखतधारी योद्धा मुद्दाम ढाल बडवील आणि जादूगाराला वाचवील. इजा तेवढीच राहिली. परंतु तिच्यामागे आता खेळाडूंची निवड आहे.

उलटपक्षी, एखादा निरुपद्रवी वाटणारा शब्द सारे गणित बिघडवू शकतो. ‘साध्या शस्त्रांची इजा निम्मी होते’ एवढीच ओळ जोडली, तर या श्रेणीत जीवनगुण दुप्पट, म्हणजे २१० धरावे लागतात. कोष्टकानुसार ते आव्हानांक १० चे आहेत. त्या अंकाला संरक्षणांक १७ अपेक्षित असून येथे तो १३ आहे. दर दोन गुणांच्या फरकामागे एक याप्रमाणे २ वजा केल्यास बचावाचा अंक ८ येतो. आक्रमणाचा अंक ३ धरून सरासरी साडेपाच होते. एका ओळीने प्राण्याची कठीणता जवळजवळ दुपटीवर गेली. शिवाय जादूचे शस्त्र नसलेल्या योद्ध्याच्या वाट्याला नुसता कंटाळा येतो, तो वेगळाच.

पूर्वसूचनेचे महत्त्व :

प्राण्याचे रहस्य संचालकाच्या वहीतच राहिले, तर खेळाडूंचा पराभव हा अपघात ठरतो. रहस्य उलगडण्याच्या खुणा आधी पेरलेल्या असल्यास तोच पराभव त्यांना आपला वाटतो. खाणीच्या तोंडाशी चिंध्या कोंबून मुकी केलेली घंटा, आतल्या भिंतींवर खडूने काढलेल्या हातखुणा, मृत खाणकामगाराच्या तोंडावर घट्ट बांधलेला फडका, अशा किमान तीन खुणा असाव्यात. कारण एक नजरेतून सुटते आणि दुसरीचा अर्थ चुकतो. प्रत्यक्ष खेळापूर्वी एकदा कागदावर लढत करून पाहणेही आवश्यक आहे. चौघांनी मिळून फेरीला सरासरी ३२ इजा केली, तर १०५ जीवनगुणांचा प्राणी चौथ्या फेरीत पडतो. त्याचे वैशिष्ट्य पहिल्या दोन फेऱ्यांतच दिसले पाहिजे, हे त्यावरून कळते.

सांस्कृतिक जबाबदारी :

सर्वच विकटजीव शून्यातून निर्माण होत नाहीत. या खेळातील ‘राक्षस’ १९७५ साली ‘द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’ या नियतकालिकातून अवतरला. त्याची प्रेरणा रामायण-महाभारतापेक्षा ‘कोल्चॅक : द नाइट स्टॉकर’ या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेच्या १९७४ मधील एका भागाची अधिक होती. तेथील राक्षस विश्वासातल्या माणसाचे रूप घेतो आणि मंत्रित बाणाने मरतो. खेळातही हेच गुण उतरले. १९७७ च्या ग्रंथातील चित्रात त्याला वाघाचे मस्तक आणि धूम्रपानाची नळी मिळाली आणि पुढे तीच प्रतिमा रूढ झाली.

खेळातला विकटजीव म्हणून ही रचना निःसंशय यशस्वी आहे. परंतु भारतीय परंपरेतील राक्षस एकरंगी नाहीत. बिभीषण धर्माच्या बाजूने उभा राहतो. हिडिंबा भीमाची पत्नी होते. घटोत्कच पांडवांसाठी प्राण देतो. जन्मतःच दुष्ट अशी जात ठरविली, की ही सारी गुंतागुंत लोप पावते. हाच धोका मराठी रचनाकारालाही आहे. वेताळ हा कथांमध्ये भूतनाथ असला, तरी कोकणात व गोव्यात अनेक गावी तो पूजिला जाणारा ग्रामरक्षक देव आहे. त्याला १०५ जीवनगुण देऊन ‘मारावयाचा प्राणी’ बनविणे म्हणजे शेजाऱ्याच्या देव्हाऱ्यावर लक्ष्य रंगविण्यासारखे आहे. लोकपरंपरेतून घेऊ नये, असा याचा अर्थ नव्हे. जे घ्यावयाचे त्याच्याशी लढण्याबरोबरच बोलण्याची, नवस फेडण्याची, त्याला शांत करण्याची वाटही नियमांत असावी, एवढाच याचा अर्थ. अशा वाटेने रचना अधिक समृद्धच होते.

समारोप :

विकटजीवाची रचना प्रश्नापासून सुरू होते, गणिताने तोलली जाते, खुणांनी न्याय्य होते आणि उगमाच्या जाणिवेने जबाबदार बनते. कोष्टक प्राणी किती काळ जगेल हे सांगते. तो का लक्षात राहील, हे सांगत नाही. खेळ संपल्यानंतर किती इजा झाली याचा आकडा खेळाडू विसरतात. ढाल बडवून मित्राला वाचविणारा योद्धा मात्र त्यांना आठवतो, आणि त्या क्षणासाठी जागा करून ठेवणे हेच रचनाकाराचे प्रमुख काम होय.